त्यांच्या पश्चात

२ फेब्रुवारी, सोमवार

साहेब काल दुपारी गेले. मला आज कळलं, तेही कोर्टाच्या जिन्यात. रजिस्ट्रार खाली उतरत होते, मी वर चढत होतो. "अहो स्टेनो, तुमचे साहेब गेले की," असं म्हणून ते तीन पायऱ्या पुढे उतरलेसुद्धा. मग वळून म्हणाले, "तेराला, शुक्रवारी, पहिल्या दालनात श्रद्धांजलीची बैठक ठेवलीय. जीवनपट तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

मी हो म्हणालो. उरलेल्या पायऱ्या चढलो, टेबलाशी बसलो आणि पेन्सिलींना टोक करत राहिलो. सहाच्या सहा झाल्यावर पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

एकोणीस वर्षं मी साहेबांचा लघुलेखक होतो. ते न्यायमूर्ती झाले त्या सकाळपासून निवृत्त झाले त्या संध्याकाळपर्यंत. त्यानंतरही दोन वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे जायचो. मग सहा वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात त्यांची ती मुलाखत आली आणि माझं जाणं बंद झालं. इतकी वर्षं त्यांचा प्रत्येक शब्द आधी माझ्या कानावर पडायचा, आणि एवढी मोठी गोष्ट मला चहाच्या टपरीवर उभं राहून दुसऱ्याच्या पेपरात वाचावी लागली. ते त्यांच्या चष्मेवाल्यांवर, म्हणजे एका पुरुषावर, प्रेम करतात याचा मला धक्का बसला नव्हता. मला सोडून त्यांनी ते सगळ्या जगाला सांगितलं, याचा बसला होता. बायको तेव्हा म्हणाली होती, "सवतीसारखे काय रुसून बसता?" तिच्या जिभेला हाड नाही.

ही वहीही साहेबांचीच. दरवर्षी जानेवारीत ते मला एक दैनंदिनी द्यायचे. मी जाणं बंद केलं तरी ती टपालाने येत राहिली. यंदाचीही आली. पहिल्या पानावर नेहमीचंच वाक्य, फक्त अक्षर फार हललेलं: "कधीतरी स्वतःचंही लिहा." आधीच्या सगळ्या कपाटात कोऱ्या पडून आहेत.

३ फेब्रुवारी, मंगळवार

रजिस्ट्रारांनी नमुना म्हणून जुना जीवनपट दिला. "नाव बदला, तारखा बदला, झालं," म्हणाले. जन्म, शिक्षण, वकिली, महत्त्वाचे निकाल, छंद, आणि शेवटी ती ठरलेली ओळ: त्यांच्या पश्चात अमुक, तमुक असा परिवार आहे. मुख्य न्यायमूर्ती हा कागद भरलेल्या दालनात वाचून दाखवतात. अशी बैठक हेही कोर्टाचं कामकाजच, म्हणून तिथे जे बोललं जाईल ते लघुलेखक उतरवून घेतो आणि ते दप्तरात कायमचं राहतं. उतरवून घेणारा मीच असणार.

निकाल शोधायला जुन्या वह्या काढल्या. छंद वगैरे ठीक आहे, पण साहेब म्हणजे सुताराचा खटला. एका सुताराचा वीस वर्षांचा सोबती दवाखान्यात मरायला टेकला होता आणि दवाखान्याने सुताराला आत सोडलं नाही, कारण अर्जात 'नातं' या रकान्यात लिहायला त्याच्यापाशी काही नव्हतं. तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी दवाखान्याची बाजू घेतली. साहेब एकटे उलट गेले. त्यांचं मत त्यांनी मला बंद खोलीत सांगितलं होतं, उभ्याने, खिडकीकडे तोंड करून. "जो माणूस आजाऱ्याच्या उशाशी बसतो त्याला काय म्हणायचं यासाठी कायद्याला शब्द सापडत नसेल, तर उणीव कायद्यात आहे, त्या माणसात नाही."

वहीत या वाक्यानंतर आणखी एक ओळ आहे, तिच्यावर आडवी रेघ. आज ती मी पहिल्यांदा वाचली. लिहिताना वाचायची नसते. आमच्या धंद्यात शब्द कानातून हातात जातो, मध्ये डोक्यात थांबत नाही. ओळ अशी: "हे मी परक्या माणसाबद्दल बोलत नाही." मग साहेब म्हणाले होते, "गाळा." आणि त्यानंतर बराच वेळ काहीच बोलले नव्हते. मला वाटलं तहान लागली असेल. मी उठून पाणी दिलं. ते माझ्याकडे बघत होते, पेला हातात धरून. मी आपला पुढच्या वाक्यासाठी पेन्सिल टेकवून बसलो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांच्या थोरल्या बहिणीकडे, ताईंकडे गेलो. वय ऐंशीच्या आसपास, पण पाठ ताठ. तारखा सगळ्या तोंडपाठ. शाळेत कितवा आला, कुठल्या वर्षी कांजिण्या झाल्या, सगळं. मी लिहीत गेलो.

शेवटच्या ओळीपाशी आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा. ते अविवाहित होते. त्यांच्या पश्चात बहीण आणि भाचा असा परिवार आहे."

मी लिहिलं. मग विचारलं, "आणि चष्मेवाले?"

"ते वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे."

सगळ्या शहराला जे माहीत आहे ते ताईंना माहीत नाही असं नाही. मी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनाच राहवलं नाही. म्हणाल्या, "मुलाखत आली त्या आठवड्यात मी किराणा आणायला गेले होते. दुकानदार आणि दोन गिऱ्हाईकं, माझ्या तोंडावर हसले. मी ज्याला कडेवर घेऊन फिरवलं, त्याला हसले. जिवंत होता तोवर तो म्हणायचा, हसू दे. त्याला चालायचं. आता तो नाही. भरल्या कोर्टात आता कुणी हसलं तर मला ते सोसायचं नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. चष्मेवाल्यांचं नाव माझ्या हाताने लिहायची वेळ टळली. हे कुणाला कळणार नाही म्हणून लिहितो.

निघताना त्या म्हणाल्या, "न्यायमूर्तीच्या झग्यातला फोटो त्यांच्याकडे आहे. तुम्हीच आणा. मी जात नाही त्या दुकानात."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जीवनपट रजिस्ट्रारांना दिला. मुलाखतीबद्दल आणि नंतरच्या कामाबद्दल मी एकच वाक्य घातलं होतं: "निवृत्तीनंतर त्यांनी समाजकार्यात स्वतःला झोकून दिले." रजिस्ट्रार खूश. "याला म्हणतात अनुभव," म्हणाले. छपाईला गेला.

९ फेब्रुवारी, सोमवार

छापलेली प्रत घरी आणली. बायको चष्मा कपाळावर सरकवून वाचायला बसली. वाचून झाल्यावर म्हणाली, "हे कुणाबद्दल आहे?"

"म्हणजे काय?"

"कुणाही जजचं असू शकेल. समाजकार्य म्हणे. पाणपोई बांधली होती का त्यांनी?"

मी म्हणालो, ताईंची इच्छा. ती म्हणाली, "ताईंचं सोडा. तुमचं काय?"

मग जुना विषय निघाला. मुलाखतीनंतर महिन्याभराने साहेबांचा फोन आला होता. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी ते बसणार होते. घरातून हाकललेले, नोकरीवरून काढलेले, पोलिसांनी छळलेले, असे लोक येणार, त्यांचे अर्ज करून द्यायचे. "लिहून घ्यायला तुम्ही याल का?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, मुलीच्या लग्नाचं बघतोय, लोक काय म्हणतील, सासरचे काय म्हणतील. साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि मुलीची चौकशी करून फोन ठेवला.

"पोरीवर ढकलू नका," बायको आज म्हणाली. "तिने कधी म्हटलं? मी कधी म्हटलं? तुम्हाला त्या दुकानाची पायरी चढवत नव्हती, एवढंच."

"त्या माणसाशी माझं पटत नाही."

"का? काय वाकडं केलंय त्याने तुमचं?"

मी विचार केला. एकही गोष्ट सापडली नाही. शेवटी म्हणालो, "फार मोठ्याने हसतो."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मग भाजी ढवळायला उठली आणि पाठमोरीच म्हणाली, "तेहतीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. मी काही सांगायला लागले की तुम्ही हं हं करता. त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी काय म्हटलं होतं ते मात्र तुम्हाला स्वल्पविरामासकट पाठ. मी काही तक्रार करत नाहीये. सांगतेय नुसतं."

मी प्रत उचलून पिशवीत ठेवली. पाठ होणं हे आमच्या कामातच असतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फोटो आणायला शेवटच्या दिवशी गेलो. पायरी चढलो.

चष्मेवाले काच घासत होते. हात ओला, गळ्यात साहेबांचा मफलर. तो राखाडी मफलर मी लगेच ओळखला आणि मला रागच आला. ते हसले नाहीत. खूप बारीक झालेत. म्हणाले, "या. चहा सांगतो. अर्धा चमचा साखर, आलं नको. ना?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"एवढी वर्षं रोज संध्याकाळी तुमच्याबद्दल ऐकतोय. आज स्टेनोंनी नवा सदरा घातला होता. आज स्टेनो शिंकले आणि तरी एक अक्षर चुकले नाहीत. आज स्टेनोंच्या मुलीचा दात पडला. कधी कधी मला कंटाळा यायचा हो. खोटं कशाला बोलू? थोडा मत्सरही वाटायचा."

मला ठसका लागला. दुकानात काचेची भुकटी फार उडते.

त्यांनी फोटो शोधायला एक खण उघडला. त्यात चष्मेच चष्मे. मी ओळखले, साहेबांचे. दर दोन महिन्यांनी साहेब नवा चष्मा करायचे, आणि करायला द्यायला, आणायला मीच यायचो. चाचणीला तेवढे स्वतः आत जायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांचे डोळे किती झपाट्याने बिघडताहेत. मी घरी काळजीसुद्धा करायचो.

"पहिली नऊ वर्षं," चष्मेवाले म्हणाले, "एकदाही नंबर बदलला नाही. ते यायचे, समोरच्या खुर्चीत बसायचे. मी अक्षरं दाखवायचो, ते शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायचे. मग मी म्हणायचो, जरा फरक पडलाय, दोन महिन्यांनी पुन्हा बघू. ते म्हणायचे, बघू. बाहेर स्टेनो थांबलेत म्हणून उठायचे. नऊ वर्षं, आणि दोघांपैकी एकाच्याही तोंडातून शब्द फुटेल तर शपथ."

मी बाहेर थांबलेला असायचो, हे खरं. छत्री धरून.

मागच्या खोलीत साहेबांची खुर्ची, टेबल, कागदांचे गठ्ठे. खुर्चीच्या डाव्या हाताला एक लाकडी स्टूल. कोर्टात मी जिथे बसायचो, तिथेच. स्टुलावर कोरी वही आणि टोक केलेल्या सहा पेन्सिली. धूळ नव्हती.

"हे तुमचं," चष्मेवाले म्हणाले. "सहा वर्षं कुणाला बसू दिलं नाही त्यांनी. गर्दी झाली तर लोक जमिनीवर बसायचे. शेवटी शेवटी म्हणाले, काही सांगायचंय, स्टेनोंना बोलवा. मी फोन उचलला तर म्हणाले, नको, राहू दे, त्यांची अडचण होईल."

मी भिंतीला धरून उभा राहिलो. बसलो नाही. बसायचा मला हक्क नव्हता.

तेवढ्यात बाहेरून एक बाई आल्या, बसचालकाच्या गणवेशात, हातात कागदांची पिशवी. साहेब गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणीला घरमालकाने बाहेर काढलंय, त्यासाठी साहेबांनी आजची वेळ दिली होती. चष्मेवाल्यांनी सांगितलं. बाई पिशवी छातीशी धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी दीड तास ऐकलं हो त्यांनी माझं. घड्याळाकडे बघितलं नाही एकदाही." आणि दारातच रडल्या. इथे जायला हवी होती ती माझी सहा वर्षं कोऱ्या वह्यांत गेली.

त्या गेल्यावर मी विचारलं, "शेवटी तुम्ही जवळ होतात ना?"

"होतो. दवाखान्यात तोच अर्ज, तोच रकाना. काय लिहू? त्यांनी ज्या निकालात भांडण केलं त्याच दारात मी उभा. पण ताई आल्या, नर्सला म्हणाल्या, हा घरातलाच आहे, येऊ दे त्याला. मला वाटलं त्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. मागे वळून बघितलं मी." ते थांबले. "उद्या मी मागच्या रांगेत बसेन. ताईंना संकोच नको."

फोटो घेऊन निघालो. मी 'समाजकार्य' लिहिलं होतं ते हे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी साडेनऊलाच रजिस्ट्रारांकडे गेलो. म्हणालो, शेवटची ओळ बदलायची आहे, एक नाव राहिलंय. ते म्हणाले, "राहिलं नाही, मुद्दाम ठेवलेलं नाही. घरच्यांची हरकत आहे. छापून झालंय. आणि तुम्ही एप्रिलमध्ये निवृत्त होताय, आता कुठे हात पोळून घेता? हातातलं काम करा आणि मोकळे व्हा." माणूस वाईट नाही. त्यांना अकरा वाजता खुर्च्या मोजायच्या होत्या.

दालन भरलेलं. पहिल्या रांगेत ताई आणि भाचा. शेवटच्या रांगेत खांबाआड चष्मेवाले, मफलर नव्हता. मागे भिंतीला लागून गुरुवारचे लोक उभे, त्यात कालच्या बसचालक बाईही. टेबलावर साहेबांचा फोटो. मी माझ्या जागेवर.

मुख्य न्यायमूर्ती वाचू लागले, मी उतरवू लागलो. माझंच वाक्य, माझ्याच हाताने पुन्हा, आणि प्रत्येक वाक्य भुशासारखं. समाजकार्यात झोकून दिले, इथे मागे कुणीतरी खोकलं. मग ते शेवटावर आले. "ते अविवाहित होते. त्यांच्या पश्चात बहीण आणि भाचा असा परिवार आहे."

कोर्टात लघुलेखकाला एकच वाक्य बोलायची मुभा असते. बाकीचे स्टेनो ते दिवसातून चारदा बोलतात. पस्तीस वर्षांत मी एकदाही बोललो नव्हतो, आणि साहेब याचं कौतुक पाहुण्यांना सांगायचे. आज मी पेन्सिल वर केली, उभा राहिलो आणि म्हणालो, "ऐकू आलं नाही. पुन्हा सांगावं."

मुख्य न्यायमूर्तींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, वाचलं. बहीण. आणि. भाचा.

मी बसलो नाही. पेन्सिल पुन्हा वर केली. "ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "पुन्हा सांगावं."

दालनात कुजबुज सुरू झाली. रजिस्ट्रार कोपऱ्यातून डोळे वटारत होते. मी मात्र मुख्य न्यायमूर्तींकडे बघत नव्हतो. मी पहिल्या रांगेकडे बघत होतो, आणि ताई माझ्याकडे. भाच्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला, खुर्चीचा हात धरून उठल्या आणि काहीतरी बोलल्या. ओठ हलले, एवढं मी शपथेवर सांगेन. आवाज माझ्यापर्यंत पोहोचला नाही, कारण तेवढ्यात सगळं दालन त्यांना बघायला वळलं आणि खुर्च्या करकरल्या. त्या लगेच बसल्या. मुख्य न्यायमूर्तींनी एक मिनिट स्तब्ध उभं राहायला सांगितलं. संपलं.

कुणी हसलं नाही.

दुपारी प्रत टंकित केली. कामकाजात कुणी बोललं आणि ते कळलं नाही, तर तिथे कंसात 'ऐकू आले नाही' असं लिहायचं, आणि सही करायच्या आत ज्याचं बोलणं त्याला कागद दाखवून जागा भरून घ्यायची, हा नियम आहे. माझ्या एकाही कागदावर आजवर असा कंस नाही. आज आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ताईंनी स्वतःच दार उघडलं. मी कागद पुढे केला, बोट ठेवून जागा दाखवली. म्हणालो, "काल आपण काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. नियमाने विचारायला आलोय."

त्यांनी कागद घेतला नाही. "पण मुख्य न्यायमूर्तींचं वाक्य तुम्हाला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. मी तुमच्या हाताकडे बघत होते. पेन्सिल नीट चालली होती."

"हो."

"म्हणजे भर कोर्टात खोटं बोललात."

"हो, ताई."

"दोनदा."

"दोनदा."

त्या खुर्चीत बसल्या.  मग म्हणाल्या, "मी काय बोलले ते मलाच सांगता येणार नाही. उठले तेव्हा ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि तो किराणावाला डोळ्यांसमोर आला. आवाजच निघाला नाही माझा. दवाखान्यात निघाला होता. तिथे ऐकणारी एकटी नर्स होती." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावर राहू दिलं. "माझ्या भावाला आयुष्यभर सगळ्यांनी असंच केलं. प्रेम केलं आणि आवाज काढला नाही. मी पहिली."

मी दुसरा, असं म्हणायला हवं होतं. मी टोपी हातात फिरवत राहिलो.

"पेन आहे?" त्यांनी विचारलं.

कंसाच्या जागी त्यांनी चष्मेवाल्यांचं पूर्ण नाव लिहिलं. त्याच्या पुढे लिहिलं, 'त्याचे अठरा वर्षांचे जोडीदार'. अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं, गोल आणि मोठं. खाली सही. म्हणाल्या, "हेच बोलले होते असं समजा."

"बोलणाऱ्याची सही आहे," मी म्हणालो. "मला समजायचं कारण नाही."

मी कागद घडी न घालता पिशवीत ठेवला. त्या अजून माझ्याकडे बघत होत्या. "आणि तुम्ही? तुमची नोकरी, तुमचं नाव. कुणासाठी एवढं?"

"कामच आहे माझं."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला. का, ते मला कळलं नाही. दुःख तर त्यांचं होतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

रजिस्ट्रारांनी ज्ञापन दिलं. 'श्रवणदोष असल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.' पस्तीस वर्षांच्या नोकरीतला पहिला डाग, सेवापुस्तकात राहील. प्रत मात्र दप्तरात गेली. नियमाप्रमाणे आहे, कुणाला हात लावता येत नाही.

संध्याकाळी तिची शिक्क्याची नक्कल घेऊन दुकानात गेलो. चष्मेवाल्यांनी उभ्यानेच वाचली. शेवटच्या ओळीपाशी थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचली. मला वाटलं आता काही बोलतील. त्यांनी ती साहेबांच्या चष्म्यांच्या खणात ठेवली आणि खण हळू बंद केला. एवढं सगळं मिळाल्यावरही माणूस काही परत येत नाही. दुकानात तसंच वाटत होतं, कोंदट आणि रिकामं.

मागच्या खोलीत चार जण बसले होते. साहेब नाहीत हे आता सगळ्यांना माहीत होतं, तरी आले होते. बसचालक बाई पुन्हा तीच पिशवी घेऊन. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही लिहून घेता ना?"

साहेबांच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. मी स्टुलावर बसलो. एका पेन्सिलीचं टोक चाचपून बघितलं. अगदी मला लागतं तसं, जरा बोथट. म्हणालो, "सांगा. सावकाश सांगा, मला घाई नाही." चौघांचे अर्ज झाले तेव्हा सव्वाआठ वाजले होते. कायद्याचं काही कळत नाही मला, पण साहेब कुठे थांबायचे, कुठला शब्द बदलायचे, ते हाताला माहीत आहे.

सगळे गेल्यावर चष्मेवाल्यांना म्हणालो, "मला हल्ली जरा धूसर दिसतं. तपासता का?"

त्यांनी दिवा लावला, मला त्या समोरच्या खुर्चीत बसवलं. एक डोळा झाकला, अक्षरं दाखवली. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. दुसरा झाकला. तीही वाचली. त्यांनी माझी जुनी नोंद काढून बघितली. नंबर तोच होता.

त्यांनी नोंद परत जागेवर ठेवली.  मग ते म्हणाले, "जरा फरक पडलाय. पुढच्या गुरुवारी पुन्हा बघू."

"बघू," मी म्हणालो.